हुमण-भात अंतराळात न्यायचा झाला तर?

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या सामानात गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता. बातमी कौतुकानं सगळीकडे छापून आली. गोव्यात ती वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपसूकच येतो: हलवा गेला, तर हुमण-भात, म्हणजे नारळाच्या वाटणातली आपली माशांची कढी आणि भात, का जाऊ नये?

प्रश्न गमतीचा वाटतो, पण तो अगदी नेमका आहे. अंतराळवीर व्हायची स्वप्नं बघणारी मुलं रॉकेटविषयी बरंच काही सांगू शकतात. जेवणाचा विषय निघाला की मात्र त्यांच्यासमोर एकच चित्र असतं, टूथपेस्टसारख्या ट्यूबमधून पिळून खायचा लगदा. ते चित्र साठ वर्षांपूर्वीचं आहे. आज स्थानकावर माणसं सहा-सहा महिने राहतात आणि व्यवस्थित जेवतात. त्या जेवणामागचं विज्ञान मला रॉकेटइतकंच विलक्षण वाटतं. माणूस घरापासून किती लांब जाऊ शकेल हे इंधन जितकं ठरवतं, तितकंच शिधाही ठरवतो.

तिथे गुरुत्वाकर्षण नसतंच ना?

असतं. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. पणजी ते मुंबई सरळ रेषेत मोजलं तर अंतर जवळपास एवढंच भरेल. इतक्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के शिल्लक असते.

मग माणसं तरंगतात कशी? आग्वाद किल्ल्याच्या तटावरून समुद्राच्या दिशेनं एक दगड फेकला, असं समजा. तो थोडा पुढे जाऊन पाण्यात पडेल. जोरात फेकला तर आणखी पुढे पडेल. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगानं फेकता आला आणि वाटेत हवेचा अडथळा नसला, तर तो जितका खाली पडेल तितकीच गोल पृथ्वीही त्याच्याखालून वळत जाईल. दगड पडतच राहील, जमिनीला कधी टेकणार नाही. अंतराळ स्थानक नेमकं हेच करतं. ते सतत पडत असतं, त्यातली माणसं पडत असतात आणि त्यांच्या हातातला चमचाही त्याच वेगानं पडत असतो. सगळंच एकत्र पडत असल्यामुळे कशाचंच वजन जाणवत नाही. या अवस्थेला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात.

आता स्वयंपाकघराकडे या नजरेनं बघा. डाळ तळाशी बसते, तेल वर येतं, वाफ वर जाते, आमटी वाटीत राहते, तांदूळ निवडताना कोंडा उडतो आणि दाणा सुपात पडतो. या सगळ्याला वजन लागतं. वजन गेलं की जड वस्तू खाली बसत नाही आणि हलकी वर येत नाही. पाण्याचा थेंब गोळा होऊन हवेत लटकतो आणि जिथे टेकेल तिथे चिकटतो, कारण आता द्रवावर राज्य चालतं ते पृष्ठताणाचं, म्हणजे द्रवाच्या कडेचे कण एकमेकांना धरून ठेवतात त्या बळाचं.

गिळलेला घास पोटात जातो कसा?

सुरुवातीच्या काळात डॉक्टरांनाही ही शंका होती. १९६१ मध्ये युरी गागारिननं ट्यूबमधलं अन्न खाल्लं, १९६२ मध्ये जॉन ग्लेननं सफरचंदाचा गर खाल्ला, आणि शंका मिटली. अन्ननलिकेचे स्नायू घास क्रमानं आकुंचन पावत पुढे ढकलतात, वजनाची गरज पडत नाही. शीर्षासनातही पाणी पिता येतं ते याचमुळे.

अडचण गिळल्यानंतर येते. जमिनीवर पोटातली हवा वर आणि अन्न खाली राहतं, म्हणून ढेकर कोरडी येते. तिथे दोन्ही मिसळलेलं असतं, त्यामुळे ढेकरेबरोबर अन्नही वर येतं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या शटलवर कोक आणि पेप्सी, दोन्हींचे खास डबे नेऊन पाहिले होते. फेसाळ पेयं अंतराळात रुळली नाहीत.

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव का चालत नाही?

चुऱ्यामुळे. उंडा असो वा कोंडा लावलेली पोयी, तोडली की चुरा पडणार. इथे तो ताटात पडतो, तिथे तो कुठेच पडत नाही. हवेत फिरत राहतो, श्वासाबरोबर नाकात जातो, डोळ्यांत जातो, हवा खेळवणाऱ्या पंख्यांच्या जाळीत आणि यंत्रांच्या फटींत शिरतो. १९६५ मध्ये जॉन यंग यांनी जेमिनी ३ यानात कोणाला न सांगता एक सँडविच नेलं होतं. एक-दोन घासांतच पाव सुटायला लागला आणि ते परत खिशात ठेवावं लागलं. प्रकरण अमेरिकेच्या संसदेतल्या सुनावणीपर्यंत गेलं. त्या काळी अंतराळवीरांना एका घासाचे चौकोनी तुकडे देत आणि चुरा सुटू नये म्हणून त्यांवर जिलेटिनचा थर चढवत.

पावाचा प्रश्न १९८५ मध्ये मेक्सिकोच्या रोडॉल्फो नेरी वेला यांनी सोडवला. ते आपल्या सवयीचे टॉर्टिया घेऊन गेले. टॉर्टिया चपातीच्याच घराण्यातली. चुरा नाही, गुंडाळी करता येते, एका हातात धरता येते. तेव्हापासून तिथे पावाची जागा तिनं घेतली ती कायमची. आपली मऊ चपाती या परीक्षेत उत्तम पास होईल, भाकरी मात्र होणार नाही.

मीठ आणि मिरपूड भुरभुरवता येत नाही, म्हणून मीठ पाण्यात आणि मिरपूड तेलात घालून छोट्या बाटल्यांतून थेंब-थेंब घेतात.

हुमणाचं काय? पातळ कढी वाटीत राहणार नाही. पण दाटसर हुमण राहील! ओलसर, चिकट पदार्थ पृष्ठताणामुळे चमच्याला आणि पाकिटाला धरून राहतो. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी नाताळला रश्श्यासकट टर्की चमच्यानं खाल्ली होती. आजही पाकीट कात्रीनं कापून लांब दांड्याच्या चमच्यानं जेवतात. तेव्हा वाटण जाड हवं, भात मऊ आणि एकमेकाला धरणारा हवा, आणि बांगड्याचे काटे आधीच काढलेले हवेत. हवेत सुटलेला काटा कोणाच्या डोळ्याजवळ तरंगत यायला नको.

महिनोन्महिने अन्न टिकतं कसं?

इथे गोवेकराला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात मडगावात पुरुमेंताचं फेस्त भरतं. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), आमसुलं, चिंच, मिरच्या, उकडे तांदूळ असं सगळं घरात भरून ठेवायचं. अंतराळ स्थानकाचा शिधा म्हणजे अशीच बेगमी. मालवाहू यान काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतं, आणि अन्नासाठी मोठा फ्रीज तिथे नसतो.

बेगमीचं तत्त्वही तेच. अन्न नासवणाऱ्या जंतूंना पाणी लागतं. ते काढून घ्या, मिठानं अडवून ठेवा, आंबटपणा वाढवा, नाहीतर जंतूंनाच मारून डबा बंद करा. सुकी सुंगटं पहिल्या मार्गानं टिकतात आणि खारवलेली मासळी दुसऱ्या.

अंतराळात पहिला मार्ग फार सुधारलेल्या रूपात वापरतात. पदार्थ शिजवून कडक गोठवतात आणि निर्वात कपाटात ठेवतात. तिथे बर्फाचं पाणी न होता सरळ वाफ होते. याला फ्रीझ-ड्राइंग म्हणतात. उन्हात सुकवलेलं सुंगट आकसतं आणि चिवट होतं. फ्रीझ-ड्राय केलेल्या सुंगटाचा आकार जवळपास तसाच राहतो, आत सूक्ष्म भोकं राहतात, आणि गरम पाणी घातलं की काही मिनिटांत ते फुलून येतं. पाणी स्थानकावरच मिळतं. तिथे घाम, उच्छ्वासातली वाफ आणि लघवी शुद्ध करून सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली आहे.

चौथा मार्ग रिटॉर्ट पाऊचचा. पदार्थ थरांच्या जाड पाकिटात भरून, सील करून दाबाखाली साधारण १२० अंशांवर तापवतात. दुकानात तयार पनीर-मटरची पाकिटं मिळतात ना, ती याच तंत्राची. नारळाच्या वाटणातल्या हुमणाला माझ्या मते हाच मार्ग योग्य. नारळातलं तेल हवेच्या संपर्कात खवट होतं, त्यामुळे पाकिटात प्राणवायू शिरता कामा नये, हे सगळ्यात कठीण काम.

खारवण्याचा मार्ग मात्र इथे बंद आहे. वजन न पेलणारी हाडं झिजतात. व्यायाम नसेल तर कंबर आणि मांडीच्या हाडांतलं खनिज महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं, आणि जास्त मीठ खाल्लं की शरीरातून कॅल्शियम आणखी बाहेर पडतं. म्हणून नासानं आपल्या बऱ्याच पदार्थांतलं मीठ कमी केलं. खारा बांगडा घरीच ठेवायचा.

भारतात हे काम म्हैसूरची, पूर्वी डीएफआरएल नावानं ओळखली जाणारी, संरक्षण खात्याची प्रयोगशाळा करते. १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत ७ या सोव्हिएत स्थानकावर गेले तेव्हा सुजीचा हलवा, आलू-छोले आणि व्हेज पुलाव तिनंच तयार करून दिला होता. गगनयानाच्या जेवणाचं कामही तिच्याकडेच आहे.

तिथेच ताजं शिजवलं तर?

मनात येतं खरं, पण शिजवणं म्हणजे उष्णता फिरवणं, आणि इथे ती फिरवण्याचं निम्मं काम वजन करतं. पातेल्यात तळाचं गरम पाणी हलकं होऊन वर येतं, वरचं थंड पाणी खाली जातं. सूक्ष्मगुरुत्वात हा फेरा थांबतो. उकळताना वाफेचे बुडबुडे वर सुटत नाहीत, तापलेल्या भागाजवळच साचून मोठे होत जातात. फोडणीचा विचारच नको: तडतडणारी मोहरी आणि उकळत्या तेलाचे थेंब बंद खोलीत सगळ्या दिशांना जातील. ज्योतही वर न जाता गोलसर होते. उघडी आग तर तिथे परवडणारच नाही.

हीच गोष्ट श्वासाचीही आहे. सोडलेली हवा आपोआप दूर जात नाही, म्हणून झोपणाऱ्याच्या तोंडाजवळ पंख्याचा झोत नसेल तर त्याचाच कार्बन डायऑक्साइड डोक्याभोवती साचतो.

२०१९ च्या अखेरीस स्थानकावर एका खास भट्टीत कुकी भाजून पाहिल्या. जमिनीवर पंधरा-वीस मिनिटांत होणारी कुकी नीट भाजायला तिथे दोन तासांच्या आसपास लागले. सध्या तरी स्थानकावर स्वयंपाक होत नाही. गरम पाणी घालायचं, नाहीतर बॅगेएवढ्या गरमयंत्रात पाकीट ठेवायचं.

चव लागते का?

पृथ्वीवर रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात. तिथे ते डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजतो, नाक चोंदतं. अनेक अंतराळवीर सांगतात की अन्न बेचव लागतं, सर्दीत लागतं तसं. त्यात गरम वाफ वर येत नसल्यानं वासही नाकापर्यंत कमीच पोचतो.

या ठिकाणी गोव्याच्या स्वयंपाकाची बाजू भक्कम आहे असं मला मनापासून वाटतं. नाक बंद असलं तरी आंबट, खारट, गोड, कडू या चवी जिभेला कळतात. मिरचीचा जाळ तर चवही नाही आणि वासही नाही, ती मज्जातंतूंना जाणवणारी आग आहे. तेफळांच्या झिणझिण्याही तशाच. आमसुलाचा आंबटपणा, मिरचीचा तिखटपणा आणि तेफळांची झिणझिण, यांतल्या एकालाही नाक मोकळं असण्याची गरज नाही. स्थानकावर सुंगटांचं कॉकटेल आणि त्यावरचा झणझणीत हॉर्सरॅडिश सॉस वर्षानुवर्षं आवडता राहिला आहे, तो याच कारणानं. त्या जागी सुंगटांचा बल्चांव सहज शोभेल.

फेणी?

नाही. माणसानं शुद्धीत राहायला हवं हे तर आहेच, दुसरं कारण यंत्राचं आहे. अल्कोहोल उडून हवेत मिसळतं, आणि त्याच हवेतली वाफ गोळा करून पिण्याचं पाणी केलं जातं. शुद्धीकरणाला त्याचा त्रास होतो. म्हणून अत्तर आणि अल्कोहोल असलेलं माउथवॉशही तिथे वर्ज्य.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा गोळ्या का देत नाहीत?

कारण ऊर्जेला वस्तुमान लागतं. अन्नात सर्वाधिक ऊर्जा चरबीत असते, एका ग्रॅमला सुमारे ९ किलोकॅलरी. दिवसाला २,५०० किलोकॅलरी लागतात असं धरलं, तर निव्वळ तूप खाल्लं तरी पावकिलोच्या वर खावं लागेल. ते गोळीत मावणारं नाही. शिवाय आतड्यांना चोथा लागतो, स्नायूंना प्रथिनं लागतात, आणि सूर्यप्रकाश अंगावर पडत नसल्यानं ड जीवनसत्त्व वेगळं द्यावं लागतं.

पण या सगळ्याचा जमिनीवर काय उपयोग?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर गोव्यातच सापडतं. १९६० च्या दशकात नासासाठी अन्न बनवणाऱ्या पिल्सबरी कंपनीपुढे प्रश्न होता: यानात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या तर काय करणार? अन्न सुरक्षित आहे याची खात्री तयार मालाच्या चाचणीतून करायची, तर इतके नमुने तपासावे लागत की खायला फारसं उरतच नसे. मग त्यांनी पद्धतच उलटी केली. कच्चा माल आल्यापासून पाकीट बंद होईपर्यंत कुठल्या पायरीवर धोका शिरू शकतो ते आधी शोधायचं आणि त्या पायरीवरच तापमान, वेळ, स्वच्छता यांचा पहारा बसवायचा. या पद्धतीला आज जगभर हॅसॅप म्हणतात.

भारतातून मासळी निर्यात करायची तर कारखान्यात हॅसॅप असावंच लागतं, आणि त्यात गोव्याचे मासळी कारखानेही आले. माणक्या (स्क्विड) आणि सुंगटं गोठवणाऱ्या तिथल्या कामगार बाया दर पाळीत तापमानाची नोंद करतात. ती पद्धत मूळ चंद्रावर जाणाऱ्यांसाठी बसवलेली आहे. शाळेतल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग तिथेच पिकवा ना!

प्रयत्न चालू आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये स्थानकावर उगवलेली लाल लेट्यूसची पानं अंतराळवीरांनी खाल्ली. २०२१ मध्ये मिरच्या आल्या. शुक्ला यांनी मूग आणि मेथी मोड आणून पाहिली. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा होता, म्हणजे आपल्या घाटापलीकडचाच.

मुळांना मात्र तिथे फार जपावं लागतं. पाणी मातीतून खाली झिरपत नाही, मुळांभोवती थर धरून बसतं आणि त्यांचा श्वास कोंडतो. शिवाय पानांनी पोट भरत नाही. तांदूळ, गहू, डाळी पिकवायला लागणारी जागा आणि वीज आजच्या स्थानकावर नाही. मोडाच्या मेथीचं मोल वेगळं आहे. ताज्या पानाचा कुरकुरीतपणा आणि त्यातलं जीवनसत्त्व महिनाभर पाकिटं खाल्लेल्या माणसाला किती हवंसं वाटत असेल!

मंगळाच्या वाटेवर

खरी परीक्षा तिथे आहे. जाऊन येऊन साधारण तीन वर्षं. वाटेत मालवाहू यान येणार नाही. पाकिटासकट माणशी रोज पावणेदोन किलो अन्न धरलं, तर चौघांचा तीन वर्षांचा शिधा साडेसात टनांच्या वर जातो. त्यातला बराचसा भाग माणसं निघण्याआधीच तयार करून, कदाचित आधीच पुढे पाठवून ठेवावा लागेल, म्हणजे अन्न पाच वर्षं टिकायला हवं. जंतूंपासून ते टिकवता येतं. पण सी आणि बी-१ ही जीवनसत्त्वं बंद पाकिटातही हळूहळू नष्ट होतात, रंग उतरतो, पोत बिघडतो. याला पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही.

दुसरी अडचण मनाची. तेच तेच पदार्थ समोर आले की माणूस कमी खातो, वजन घटतं, स्नायू आणि हाडं आणखी खालावतात. बंदिस्त जागेत, भरून ठेवलेल्या शिध्यावर लांब हिवाळा काढण्याचा अनुभव भारताला आहे. १९८१ च्या डिसेंबरमध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्यातूनच निघाली, १९८४ मध्ये आपल्या तुकडीनं तिथे पहिला हिवाळा काढला, आणि आज या मोहिमांचं नियोजन वास्कोतली ध्रुवीय संशोधन संस्था करते. अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावर हिवाळ्यात अडकलेल्या माणसांचं जेवणाच्या टेबलाशी जे नातं जुळतं, ते मंगळाच्या यानातल्या माणसांपेक्षा फार वेगळं नसावं.

गगनयान तीन दिवसांची मोहीम आहे, तिथे शिधा टिकवण्याची चिंता नाही. पण २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं भारतानं ठरवलं आहे. तिथे माणसं राहायला लागली की त्यांना महिनोन्महिन्यांचा भारतीय शिधा लागेल, आणि तो तयार करायला वैमानिकांइतकीच अन्नतंत्रज्ञांची, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांची, पॅकेजिंग जाणणाऱ्यांची आणि आहारतज्ज्ञांची गरज पडेल. आज नववीत असलेली मुलं तेव्हा पंचविशीच्या आसपास असतील.